स्टील गिटार शिकायची, पण शिकविणार कोण?

पूर्वी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत सिनेगीतांच्या धुना लागत. शब्द नसत, पण वाद्यच गाते आहे असे वाटे. त्यांतले एक वाद्य म्हणजे स्टील गिटार. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांनी ते सर्वसामान्यांच्या कानी पोहोचविले. आजही एखाद्या मुलाला वा मुलीला ती धून वेड लावते आणि घरात प्रश्न उभा राहतो: कोल्हापुरात हे शिकविणार कोण?

प्रथम फरक समजून घेऊ या. नेहमीची गिटार छातीशी धरून, बोटांनी तारा दाबून वाजवितात. तिला स्पॅनिश गिटार म्हणतात. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातातला पोलादाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून सरकवितात आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात. तारा उंच असल्यामुळे पडद्यांना टेकत नाहीत. पडदे केवळ खुणेपुरते. तुकडा जरा पुढेमागे झाला की स्वर चुकला. म्हणून येथे बोटांच्या आधी कान तयार व्हावा लागतो.

हा फरक माहीत नसला की पैसे वाया जातात. आमच्या भागातील एका फाउंड्री कामगाराच्या मुलाने एका क्लासची तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. ‘गिटार शिकवितो’ एवढेच त्याला सांगण्यात आले होते. तीन महिने तो कॉर्ड पकडायला शिकला. पोलादाचा तुकडा काही हाती आला नाही. ती फी वडिलांनी ओव्हरटाइम करून भरली होती. मुलगा म्हणाला, आता शिकणेच नको. त्याच्यासाठी चौकशी करताना आम्हांला जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे वाद्य मूळचे हवाई बेटांतले. जोसेफ केकुकु या शाळकरी पोराने १८८० च्या दशकात ही पद्धत बसविली, असे मानले जाते. १९४० च्या दशकात ताऊ मो हा तिकडचा कलावंत कलकत्त्यात राहिला. तेथे त्याने हे वाद्य वाजविले आणि शिकविलेही. कोल्हापुरात मात्र ‘स्टील गिटार’ अशी पाटी शोधत फिरलो तर चपला झिजतील.

पण पाटी शोधायचीच कशाला? ब्रिजभूषण काबरा यांनी या गिटारीवर राग वाजवून दाखविले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत गिटार त्यांचीच आहे. त्यांचे गुरू अली अकबर खाँ सरोद वाजवीत. विश्वमोहन भट यांना १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्यांचे गुरू पंडित रविशंकर सतारिये. या दोघांनी गुरू शोधला तो रागाचा, गिटारीचा नव्हे.

असे गुरू कोल्हापुरात आहेत. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना या नगरीत आश्रय दिला, तेव्हापासून येथे गाणे रुजले. गायन समाज देवल क्लब आहे, शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. तेथे चौकशी करावी. सतार, व्हायोलिन वा गाणे शिकविणाऱ्यांना भेटावे आणि सरळ विचारावे: मांडीवरच्या गिटारीवर मींड कशी घ्यायची, एवढे कान धरून शिकवाल का? एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे म्हणजे मींड, आणि स्टील गिटारचा जीव तिच्यातच आहे. वाद्य निराळे असले तरी सूर चुकला हे जाणकाराला डोळे मिटूनही कळते.

तीन गोष्टी पाळाव्यात. आगाऊ फी एका महिन्याचीच द्यावी. पहिल्या भेटीत मुलाला गाऊन दाखवायला सांगतात का, ते पाहावे. जो शिक्षक कान तपासतो तो कामाचा. आणि शिक्षक ठरेपर्यंत नवे वाद्य घेऊ नये. साध्या गिटारीच्या मानेच्या टोकाशी तारांखाली उंच पट्टी बसविली की सुरुवातीचे काम भागते. अडले तर पन्नास किलोमीटरच्या आत मिरज आहे. तेथील कारागिरांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तारवाद्याची नाडी त्यांना ठाऊक.

वय झाले म्हणून कोणी मागे राहू नये. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन हाती घेतले, तेही शिक्षकाकडून रीतसर शिकून. एवढ्या व्यापातून त्यांना वेळ मिळाला, तर पाळीवरून आलेल्या माणसाला अर्धा तास मिळणार नाही काय?

त्या मुलाला आम्ही एका सतार शिकविणाऱ्या बाईंकडे नेले. गिटार त्यांनी कधी हाती धरलेली नव्हती, पण ‘सा’ लावायला बसविले. पोलादाचा तुकडा त्याच्या वडिलांनी उद्यमनगरातल्या लेथवर ओळखीने करून घेतला: तीन इंच लांब, पाऊण इंच जाड, आरशासारखा घासलेला. सध्या मुलगा रोज संध्याकाळी ‘सा’वरून ‘प’वर जातो आणि परत येतो. शेजारी कुरकुरतात. फी मात्र या वेळी वाया गेलेली नाही.