ऑफिसात राजकारणाचा वाद, एक जण मात्र गप्प: ‘ख्रिस्ती तटस्थता’ म्हणजे नेमकं काय?

डबे उघडले की राजकारण सुरू होतं, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक ऑफिसांतलं चित्र आहे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. तेव्हापासून ‘कोणत्या पक्षाचा?’ एवढं विचारून भागत नाही, ‘त्यातल्या कोणत्या गटाचा?’ हेही विचारावं लागतं. अशा टेबलावर कधीतरी एखादा सहकारी असा असतो, जो कुणाचीच बाजू घेत नाही. आग्रह केला तर हसून विषय बदलतो, ग्रुपवरच्या पोलला उत्तर देत नाही. मग त्याच्यावर ‘तळ्यात-मळ्यात’ असा शिक्का बसतो. कुणी त्याला घाबरट म्हणतं, कुणी आतल्या गाठीचा.

काही ख्रिस्ती पंथांमध्ये मात्र हे गप्प राहणं स्वभावाचा नव्हे, तर श्रद्धेचा भाग आहे. त्याला ‘ख्रिस्ती तटस्थता’ म्हणतात. ऐकायला साधी वाटणारी ही भूमिका घेतल्यामुळे गेल्या शंभर वर्षांत लोकांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांना शाळेतून काढलं गेलं, काहींना देश सोडावा लागला. भारतात तर या भूमिकेमुळे सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. तो आजही वारंवार उद्धृत होतो.

सगळे ख्रिस्ती तटस्थ असतात का?

अजिबात नाही. पंडिता रमाबाई १८८९ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईतल्या ‘हरित वसई’ चळवळीत पुढे होते, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. कॅथलिक चर्चचा नियम धर्मगुरूंपुरता कडक आहे. कॅनन कायद्यानुसार त्यांना सरकारी सत्तेत वाटा असलेलं पद घेता येत नाही आणि पक्षीय राजकारणात सक्रिय होता येत नाही. सामान्य श्रद्धाळूंवर तसं बंधन नाही.

पूर्ण तटस्थता पाळणारे गट छोटे आहेत. १५२७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइम इथे ॲनाबॅप्टिस्ट पंथीयांनी एक जाहीरनामा मंजूर केला. ख्रिस्ती माणसाने तलवार धरू नये आणि दंडाधिकाऱ्याचं पदही घेऊ नये, असं त्यात होतं. आजचे आमिश आणि अनेक मेनोनाइट याच परंपरेतले. क्रिस्टाडेल्फियन पंथाचे लोकही मतदान करत नाहीत. पण या विषयात सर्वाधिक चर्चा होते ती यहोवाच्या साक्षीदारांची. जगभरात त्यांची संख्या सुमारे ९० लाख आहे. भारतातलं त्यांचं कार्यालय १९२६ मध्ये मुंबईत सुरू झालं, नंतर बरीच वर्षं लोणावळ्यात होतं आणि आता बंगळुरूत आहे. (अनेक मुख्य प्रवाहातली चर्चेस त्यांना ख्रिस्ती मानायलाच तयार नाहीत, कारण ते त्रैक्याचा सिद्धांत नाकारतात. तो वाद वेगळा.)

ते नेमकं काय करतात, काय करत नाहीत?

मतदान करत नाहीत, निवडणूक लढवत नाहीत, कोणत्याही पक्षाचं सदस्यत्व घेत नाहीत, प्रचारफेरीत जात नाहीत. सैन्यात भरती होत नाहीत. राष्ट्रध्वजाला वंदन करत नाहीत आणि राष्ट्रगीत गात नाहीत. कर मात्र भरतात, कायदे पाळतात आणि वेळ आली तर कोर्टातही जातात. यामुळेच त्यांना अराजकवादी म्हणणं चुकीचं ठरतं.

यामागचा त्यांचा तर्क बायबलमधल्या काही प्रसंगांवर उभा आहे. लोक आपल्याला राजा करायला निघाले आहेत हे लक्षात येताच येशू डोंगरावर निघून गेला, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. रोमी गव्हर्नर पिलातासमोर त्याने आपलं राज्य या जगातलं नसल्याचं सांगितलं. कर भरावा की नाही या प्रश्नावर त्याने सम्राटाचा चेहरा असलेलं नाणं दाखवायला सांगितलं आणि सम्राटाचा हिस्सा आणि देवाचा हिस्सा वेगळा केला. या सगळ्याचा अर्थ यहोवाचे साक्षीदार असा लावतात: आपण देवाच्या राज्याचे नागरिक आहोत, म्हणून माणसांच्या सरकारांमधल्या चढाओढीत आपण कुणाच्याही बाजूने नाही. एखादा राजदूत परक्या देशात राहतो, तिथले वाहतुकीचे नियम पाळतो, पण तिथल्या निवडणुकीत पडत नाही, अशी उपमा ते अनेकदा देतात.

हेच प्रसंग वाचून इतर ख्रिस्ती नेमका उलटा निष्कर्ष काढतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

पक्षाचं कार्ड घेतलं नाही म्हणून नोकरी गेली

ऑफिसातला टोमणा आणि खरी किंमत यांत किती अंतर असतं, हे समजून घ्यायचं तर आफ्रिकेतल्या मलावीकडे बघावं लागतं. १९६४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात हेस्टिंग्ज बांडा यांची सत्ता होती आणि लवकरच मलावी काँग्रेस पार्टी हा एकमेव कायदेशीर पक्ष उरला. या पक्षाचं सदस्यत्वाचं कार्ड प्रत्येकाकडे असावं, अशी अपेक्षा होती. कार्डाची किंमत किरकोळ होती. कार्ड दाखवल्याशिवाय बाजारात जाणं किंवा बसमध्ये चढणंही कठीण होई. यहोवाच्या साक्षीदारांनी ते घेतलं नाही.

१९६७ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. १९७२ मध्ये पक्षाच्या वार्षिक अधिवेशनात ठराव झाला, की या लोकांना नोकरीवरून काढून टाकावं, त्यांचे धंदे आणि शेतीही चालू देऊ नये. त्यानंतर घरं जाळणं, मारहाण, बलात्कार असे प्रकार घडले आणि हजारो जण सीमा ओलांडून झांबिया आणि मोझांबिकमध्ये गेले. बंदी उठली ती १९९३ मध्ये, बांडांची सत्ता जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी.

ही गोष्ट इथे संपत नाही. याच संस्थेच्या सर्वोच्च मंडळावर काम केलेले रेमंड फ्रान्झ यांनी पुढे ‘क्रायसिस ऑफ कॉन्शन्स’ (१९८३) हे पुस्तक लिहिलं. मलावीत एका कार्डासाठी लोक मार खात होते, त्याच काळात मेक्सिकोत सदस्य लाच देऊन लष्करी सेवा केल्याचं प्रमाणपत्र मिळवत होते आणि मुख्यालयाने त्याकडे काणाडोळा केला, असा आरोप त्यांनी केला. तटस्थतेची रेषा कुठे ओढायची हे मुख्यालय ठरवतं आणि किंमत दूरच्या गावातला माणूस मोजतो, हा त्या आरोपाचा गाभा आहे. त्याला सहज झटकून टाकता येत नाही.

नाझी जर्मनीत या पंथाच्या लोकांना छळछावण्यांमध्ये जांभळा त्रिकोण लावला जाई. श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली तर सुटका शक्य होती. बहुतेकांनी सही केली नाही. रशियात २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने या संघटनेवर ‘अतिरेकी’ म्हणून बंदी आहे. दक्षिण कोरियात सैन्यभरती नाकारल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या तरुण तुरुंगात गेले. तिथे २०१८ च्या निकालांनंतर पर्यायी सेवेचा मार्ग खुला झाला.

भारतातला १९८६ चा निकाल

केरळमधल्या एका हायस्कूलमध्ये तीन भावंडं शिकत होती, दहावी, नववी आणि पाचवीत. रोज सकाळी राष्ट्रगीताच्या वेळी ती सगळ्यांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. अनेक वर्षं त्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या ते नजरेस पडलं आणि प्रश्न विधानसभेत गेला. चौकशी झाली. मुलं शिस्तीची आहेत, त्यांनी कुठलाही अनादर केलेला नाही, असं चौकशीत आढळलं. तरीही शिक्षण अधिकाऱ्याच्या सूचनेवरून २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढण्यात आलं. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही.

सर्वोच्च न्यायालयात ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने हे प्रकरण गेलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कोणताही कायदा नाही, असं न्यायालयाने दाखवून दिलं. १९७१ चा राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धचा कायदा राष्ट्रगीतात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा करतो. आदराने उभं राहून गप्प बसणारा त्यात येत नाही. अनुच्छेद १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्य येतं आणि अनुच्छेद २५ प्रामाणिक श्रद्धेला संरक्षण देतो, ती श्रद्धा इतरांना कितीही विचित्र वाटली तरी. मुलांना परत प्रवेश देण्याचा आदेश झाला.

या निकालात अमेरिकेतल्या दोन खटल्यांचीही चर्चा आहे. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वजवंदन सक्तीचं ठरवलं होतं. त्यानंतर अनेक गावांत या पंथाच्या लोकांवर जमावाचे हल्ले झाले. तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला.

केरळमधला ताण मात्र निकालाने पुरता मिटला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कळमश्शेरी इथे या पंथाच्या अधिवेशनात स्फोट झाले आणि त्यात आठ जणांचा मृत्यू झाला. पोलिसांना शरण आलेला आरोपी पूर्वी याच पंथात होता. पंथाची शिकवण देशविरोधी आहे, असं त्याने व्हिडिओत म्हटलं होतं.

मत न देणं कायदेशीर आहे का?

भारतात हो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७९ मध्ये ‘निवडणूक हक्क’ या शब्दाच्या व्याख्येतच मत देण्याचा आणि मत देण्यापासून दूर राहण्याचा, असे दोन्ही हक्क आहेत. भारतीय न्याय संहितेतल्या निवडणूकविषयक प्रकरणातही हीच व्याख्या आहे, आणि त्या हक्कात ढवळाढवळ करणं हा कलम १७१ खाली गुन्हा ठरू शकतो. म्हणजे ‘अमुकाला मत दे, नाहीतर बघतो’ ही साहेबांची धमकी जितकी बेकायदा, तितकीच ‘मत द्यायला गेलाच पाहिजेस, नाहीतर बघतो’ हीसुद्धा.

गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान सक्तीचं करणारा कायदा केला होता. २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे, पण तिथल्या कायद्यातही धार्मिक कर्तव्य म्हणून मत न देणं हे पुरेसं कारण मानलं आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘मग नोटा दाब ना!’ असा सल्ला दिला जातो. २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर आलेला नोटा हा सगळे उमेदवार नाकारण्याचा पर्याय आहे. म्हणजे तोही एक राजकीय निर्णयच, शून्य आणि एक यांच्या पलीकडचं तिसरं बटण. ख्रिस्ती तटस्थता मानणारा मुळात त्या यंत्रापाशीच जात नाही.

ऑफिसमध्ये याचं काय?

घटनेतले हे हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागता येतात. खासगी कंपनीत गाडी एचआरच्या धोरणावर आणि साहेबांच्या समजूतदारपणावर अडते. काही कंपन्यांनी उलट्या बाजूने प्रयोग केला. अमेरिकेतल्या कॉइनबेसने २०२० मध्ये आणि बेसकॅम्पने २०२१ मध्ये कामाच्या जागी राजकीय चर्चेला लगाम घातला. न पटणाऱ्यांना पैसे घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली. बेसकॅम्पमधले जवळपास एक तृतीयांश कर्मचारी निघून गेले. वरून लादलेली शांतता आणि स्वतःहून निवडलेली शांतता यांतला फरक त्या आकड्यात दिसतो.

तटस्थतेवरची सगळ्यात गंभीर टीका ख्रिस्ती जगातूनच आली आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद ऐन भरात असताना, १९८५ मध्ये, तिथल्या ख्रिस्ती विचारवंतांनी ‘कैरोस दस्तऐवज’ प्रसिद्ध केला. अन्याय करणारा आणि सोसणारा यांच्यात मधोमध उभं राहणं म्हणजे प्रत्यक्षात अन्याय करणाऱ्याला बळ देणं, असं त्याचं म्हणणं होतं. डब्याच्या टेबलावर ‘तुला काहीच वाटत नाही का?’ असं विचारणारा सहकारी नकळत हाच प्रश्न विचारत असतो. शिवाय या पंथात तटस्थता पूर्णपणे ज्याच्या-त्याच्या मर्जीची नाही. पक्षात किंवा सैन्यात गेलेल्याने मंडळी सोडली, असं मानलं जातं, आणि मग जवळचे नातेवाईकही त्याच्याशी संबंध तोडू शकतात. ऑफिसात गप्प बसलेल्या माणसाच्या मागे हाही दबाव असू शकतो.

सरकारी नोकरीत चित्र आणखी वेगळं आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ चा नियम ५ कर्मचाऱ्यांना पक्षीय राजकारणापासून लांब ठेवतो, म्हणजे तटस्थ माणसाला तिथे आयतं संरक्षण मिळतं. पण निवडणूक आली की चित्र फिरतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५९ नुसार निवडणुकीच्या कामासाठी शिक्षक आणि कर्मचारी मागवले जातात. स्वतः मत न देणाऱ्या शिक्षिकेच्या हातात एक दिवस मतदान अधिकाऱ्याच्या नेमणुकीचं पत्र पडतं. दुसऱ्याच्या बोटाला शाई लावणं म्हणजे राजकारणात भाग घेणं, की वाहतुकीचा नियम पाळण्यासारखं एक साधं सरकारी काम? याचं उत्तर तिला प्रशिक्षणाच्या तारखेआधी शोधावं लागतं.