आरसी कारला मोठा कार्ब्युरेटर बसवला आणि इंजिनच बसलं! नेमकं चुकतं कुठं?

रीलमध्ये धूळ उडवत उड्या मारणारी पेट्रोलची आरसी कार बघून वाटतं, मोठ्यांचं खेळणं आहे. पण ती हातात घेतली की कळतं, प्रकरण वेगळं आहे. खऱ्या गाडीच्या एक-पंचमांश आकाराची बॉडी, आठ-दहा किलो किंवा त्याहून जास्त वजन आणि मागे खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन. एचपीआयची बाहा ५बी, लोसीची फाइव्ह-टी ही त्यातली गाजलेली नावं.

अशी गाडी घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्पीड कसा वाढवायचा? आणि सोशल मीडियावर उत्तरंही ठरलेली असतात. मोठा कार्ब्युरेटर बसव, चोक काढून टाक, १०० ऑक्टेन पेट्रोल भर.

यातलं काहीही पूर्ण खोटं नाही. अडचण अशी की व्हिडिओ अमेरिकेतला असतो आणि पेट्रोल आपल्या पंपावरचं. इंजिन जातं ते या दोघांच्या मधल्या फरकात.

आधी एक घोळ मिटवू. इंजिनवाल्या आरसी कार दोन जातीच्या असतात. छोट्या गाड्या बहुतेक ‘नायट्रो’वर चालतात. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल यांचं तयार मिश्रण लागतं. तिथे नेहमीचा स्पार्क प्लग नसतो, तर प्लॅटिनमची तार असलेला ग्लो प्लग असतो. मोठ्या गाड्या पेट्रोल आणि टू-टी ऑइलवर चालतात. एकाचं इंधन दुसऱ्यात घालायचं नाही, विषय संपला. नायट्रोबाबत आणखी एक गोष्ट माहीत हवी. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं १०० हून अधिक जीव घेतले, ते याच मिथेनॉलमुळे. त्याची ज्वाला उजेडात जवळपास दिसत नाही. त्यामुळे हे इंधन पाण्याच्या बाटलीत ओतून घरात ठेवणं म्हणजे आगीशी आणि पोराबाळांच्या जिवाशी खेळ.

आता पेट्रोलवाल्या गाड्यांकडे येऊ.

यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये झेनोआ या जपानी कंपनीचं किंवा त्याच्यासारखं, २३ ते ३२ सीसीचं इंजिन असतं. त्याचं मूळ कुठलं? गवत कापायच्या मशीनमधलं! कोकणात पावसाळ्यानंतर खांद्याला अडकवून ज्या ग्रास कटरनं रान साफ करतात, त्याच कुळातलं हे इंजिन. कार्ब्युरेटरही त्याच पद्धतीचा, वॉलब्रो कंपनीचा किंवा त्याची नक्कल.

मोटारसायकलच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी आणि त्यात तरंगणारा फ्लोट असायचा. गाडी उलटी झाली तर ती वाटी सांडणार. ग्रास कटर वाकडातिकडा फिरतो, आरसी कार तर हवेत कोलांट्या घेते. म्हणून इथे फ्लोटऐवजी डायफ्राम, म्हणजे पातळ लवचिक पडदे असतात. पिस्टन वरखाली होताना क्रॅंककेसमध्ये दाब कमीजास्त होतो. त्या धक्क्यांवर एक पडदा पंपासारखा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा किती पेट्रोल आत सोडायचं ते ठरवतो. पुढे दोन सुया असतात. एक कमी रेससाठी, दुसरी फुल रेससाठी.

पेट्रोल हवेत मिसळतं ते कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात. झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात सुटते ना, तसंच. जागा अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या ओढीनं पेट्रोल वर खेचलं जातं.

मोठा कार्ब्युरेटर म्हणजे मोठा गळा. फुल रेसमध्ये जास्त हवा आत जाते आणि ताकद वाढते, हे खरं. पण कमी रेसमध्ये त्याच मोठ्या गळ्यात हवा संथ होते. ओढ कमी पडते, पेट्रोल पुरेसं येत नाही. परिणामी ट्रिगर दाबला की गाडी आधी गुदमरते आणि मग सुटते. मोठ्या मोकळ्या मैदानात हे चालून जातं. वळणावळणाच्या ट्रॅकवर मात्र कंपनीचा लहान कार्ब्युरेटरच जास्त पळतो, हे ऐकायला कुणाला आवडत नाही. वॉलब्रोच्या ६६८ च्या जागी ९९० बसवणं हा या छंदातला लोकप्रिय बदल, पण इंजिन लहान असेल आणि सायलेन्सर कंपनीचाच असेल तर खर्चाच्या मानानं हाती फार लागत नाही.

बसवतानाही चुका होतात. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटला एक बारीक भोक असतं. दाबाचे धक्के पंपापर्यंत जातात ते त्यातून. गॅस्केट उलटं बसलं तर भोक बंद, पंप बंद. लोक मात्र प्लग बदलत बसतात. चोकची पट्टी काढून गळा मोकळा करणाऱ्यांचं वेगळंच. पट्टी निघते, पण तिच्या दांडीचं भोक उघडं राहतं. त्यातून फिल्टरला बगल देऊन धूळ आत शिरते आणि सिलिंडर घासत राहते.

या सगळ्याचा शेवट बहुतेक वेळा एकाच शब्दात होतो. लीन. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक असतं, कारण ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे वंगण कमी आणि थंडावाही कमी. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि जाम होतो. गंमत म्हणजे, थोडं लीन झालेलं इंजिन सुरुवातीला उलट मस्त पळतं. आवाज धारदार होतो, धूर कमी होतो. मालकाला वाटतं सेटिंग जमली! ट्रिगर सोडल्यावरही रेस पटकन खाली येत नसेल किंवा प्लगचं टोक पांढरंफटक दिसत असेल, तर ती जमलेली सेटिंग नाही.

आता पेट्रोल.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर ई२० यायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचं पेट्रोल झालं. म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. उसाच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांसाठी ही चांगली बातमी होती, या छोट्या कार्ब्युरेटरसाठी नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला लागते ९ किलो. ई२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. सरळ अर्थ असा, की तेवढ्याच हवेला ८ ते ९ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं.

नव्या मोटारसायकलमध्ये सेन्सर आणि इंजेक्शन हे सांभाळून घेतात. आरसी कारमध्ये सेन्सर म्हणजे तुमचा स्क्रूड्रायव्हर. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि काही पंपांवर इथेनॉल नसलेलंही मिळतं. तिथल्या व्हिडिओतला ‘इतके फेरे सुई उघडा’ हा आकडा जसाच्या तसा उचलला, तर इथे गाडी पहिल्याच दिवशी लीन असते. म्हणून कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोन्ही सुया थोड्या जास्त उघडून सुरुवात करायची, थोडा धूर चालवून घ्यायचा आणि मग एक-अष्टमांश फेऱ्यानं बंद करत यायचं. एका वेळी एकच सुई.

मग १०० ऑक्टेन का नको? कारण ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये, याचं ते माप आहे. या इंजिनांचं कॉम्प्रेशन बेताचं असतं, त्यामुळे जास्तीच्या ऑक्टेनचा उपयोग जवळपास शून्य. महाग पेट्रोल घ्यायचंच असेल तर ते इथेनॉल नसलेलं आहे का, हा खरा प्रश्न. महाग आहे म्हणजे इथेनॉल नाही, असं गृहीत धरता येत नाही.

ते तपासायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, मापाच्या उभ्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, हलवा, थांबू द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरच राहिला तर पेट्रोल शुद्ध, २८ च्या आसपास गेला तर ई२०. काही जण असं ‘धुतलेलं’ पेट्रोलच गाडीत भरतात. ते करू नये. इथेनॉलसोबत त्यानं दिलेलं ऑक्टेनही निघून जातं आणि पाण्याचा अंश मागे राहू शकतो.

पाण्यावरून आठवलं, पावसाळा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा प्रमाणाबाहेर गेला की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी इंधन ओढते तळातून. म्हणजे इंजिनला पहिला घोट मिळतो तो ऑइल नसलेला!

ऑइलचं प्रमाणही नीट मोजायला हवं. बाहासाठी कंपनी २५ ला १ सांगते, म्हणजे लिटरला ४० मिली. लूना आणि चेतकच्या काळात पंपावर अंदाजानं ऑइल मारलं जायचं, त्यामुळे ‘थोडं जास्तच टाक, सेफ राहील’ ही सवय अजून आहे. पण त्याच सुईतून जास्त ऑइल गेलं की पेट्रोलला तेवढी जागा कमी उरते आणि मिश्रण लीनकडे सरकतं. परिणाम छोटा असतो, पण आधीच काठावर असलेल्या सेटिंगला तेवढा पुरतो. ठरवलेलं प्रमाण बदललं तर सुयाही पुन्हा लावाव्या लागतात.

गाडी ठेवून देताना टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटरमधलं इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. ई२० आत राहून गेलं तर पडदे कडक होतात आणि पुढच्या वेळी गाडी स्टार्टच होत नाही. अशा वेळी नवा कार्ब्युरेटर मागवण्याआधी जवळच्या ग्रास कटर दुरुस्तीच्या दुकानात जुना पडदा नमुन्याला घेऊन जावं. मापाचा डायफ्राम किट तिथेही मिळू शकतो, आणि तो बसवायला चार स्क्रू काढावे लागतात.