खुडूक कोंबडीचे २१ दिवस

हात जवळ नेला की पिसं फुलवून दुप्पट होते, घोगऱ्या आवाजात दटावते, टोचतेसुद्धा. पण जागा सोडत नाही. कोंबडी खुडूक झाल्याची ही पक्की खूण. अंगात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं आणि उबवायची ओढ लागते. खाली अंडी नसली तरी चालतं, गुळगुळीत गोट्यांवरही ती तितक्याच निष्ठेनं बसते!

पोटाखाली हात घालून बघा. तिथली पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते, कारण अंगाची ४१ अंशांच्या आसपासची ऊब थेट कवचाला मिळायला हवी.

बसवायची तर गावठी किंवा असील. आधी पिल्लं काढलेली, अंगानं भरलेली आणि शांत असेल तर उत्तमच. लेगहॉर्नच्या नादी लागू नका. जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली आणि तिचा खुडूकपणा जवळजवळ संपला. कडकनाथही बसायला फारशी राजी नसते, म्हणून तिची अंडी बरेच जण गावठीखालीच ठेवतात.

एक गंमत: कोंबडा नजरेआड झाल्यावरही आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस, फलित अंडी मिळू शकतात. कोंबडी शुक्राणू शरीरात साठवून ठेवते.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, धुऊ नका, साठवताना निमुळतं टोक खाली ठेवा. टोपलीत तळाला राख (पिसवांचा बंदोबस्त), वर भाताचा पेंढा. दहा-बारा अंडी पुरेत. ती एकदमच ठेवायची, नाहीतर पिल्लं मागेपुढे निघतात आणि आई पहिल्या पिल्लांमागे निघून जाते. प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण करा; दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत गुपचूप अंडी घालून जातात, मग जुनं-नवं कळत नाही. कोंबडी हलवायची ती रात्रीच, अंधारात ती नवी जागा निमूट स्वीकारते.

मग सगळं काम तिचं. चोचीनं ती अंडी दिवसातून कित्येकदा फिरवते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. दिवसातून एकदा उठते, खाते, पिते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. उठतच नसेल तर उचलून खाली ठेवा. पण आधी पंखाखाली बोटं फिरवा. तिथं अडकलेलं अंडं पडून फुटतं.

सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. मला तो क्षण सगळ्यात आवडतो. जाळं नसलेली अंडी काढून टाका. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावायचा नाही. शेवटी आतून चिवचिव ऐकू येते आणि आई हलक्या आवाजात तिला उत्तर देते. बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळे पहिला दिवस उपाशी गेला तरी घाबरू नका. बदकाची अंडी ठेवली असतील तर २८ दिवस धीर धरा.

पिल्लं नकोच असतील, तर खुडूक मोडण्यासाठी नाकपुडीत पीस खोचण्याचा जुना प्रकार कृपा करून करू नका. जाळीच्या तळाच्या, उंचावर ठेवलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवा. पोटाला खालून वारा लागला की बहुतेक कोंबड्या आपसूक भानावर येतात.