अंदमानला एकटीने जाताना

दरवर्षी मे महिन्याचा तिसरा आठवडा उजाडला की आपण सारे एका बातमीसाठी रेडिओला कान लावून बसतो. मोसमी पाऊस अंदमानात पोहोचला, ही ती बातमी. आपल्या मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला अंदमान ठाऊक आहे ते पावसाचा पहिला मुक्काम म्हणून. शाळेतल्या मुलांना ते ठाऊक आहे सेल्युलर जेलमुळे. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' १९२७ साली प्रसिद्ध झाले आणि काळ्या पाण्याचे जे चित्र मराठी मनावर उमटले, ते अजून पुसलेले नाही. पण त्या बेटांवर कोणी हौसेने जावे, आणि तेही एका मुलीने एकटीने जावे, असे आमच्या चितेगावात तरी मी परवापरवापर्यंत कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

ऐकले ते माझ्या भाचीच्या तोंडून. वय पंचवीस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांच्या पगारातून तिने पैसे बाजूला टाकले होते. बरोबर येणार होत्या दोघी मैत्रिणी. एकीचे लग्न ठरले, दुसरीच्या घरून होकार येईना. तेव्हा हिने जाहीर केले की दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच जाणार. घरात मग बैठक बसली. मी भूगोलाचा प्राध्यापक आणि शिवाय मामा, म्हणून पोरीची समजूत घालायला मला बोलावणे आले.

माझी आई, म्हणजे तिची आजी, म्हणाली, "एकटी पोर, चहूकडं पाणी. अन् काही झालं तर धावून कोण जाईल?"

श्रोतेहो, हा प्रश्न अडाणी नाही. बेट म्हणजे काय, याची भूगोलाच्या पुस्तकात दिलेली व्याख्या मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. पण बेट म्हणजे जिथे धावून जाता येत नाही अशी जागा, ही व्याख्या मला त्या दिवशी आईने सांगितली.

माझी बहीण, मुलीची आई, चुलीपाशी गप्प बसली होती. ती का गप्प होती, हे एकट्या मला कळत होते. ती कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना कॉलेजची सहल कोकणात निघाली होती, मुरूड-जंजिऱ्याला. वडिलांनी मला विचारले, "तुझं काय म्हणणं?" मी तेव्हा वीस वर्षांचा, स्वतःला फार शहाणा समजणारा. म्हणालो, "मुलीच्या जातीनं इतक्या लांब कशाला जायचं?" विषय तिथेच मिटला. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. तिने पाहिलेले मोठ्यात मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. समुद्र तिने अजून पाहिलेला नाही.

तेव्हा समजूत घालायला गेलेला मी तिथे बसून आईचाच प्रश्न उलगडू लागलो. काही झालं तर, म्हणजे नेमके काय झाले तर? आपल्या घरांतून 'काही' हा शब्द फार वापरला जातो, आणि त्याच्या पोटात काय आहे हे कोणी उकलून पाहत नाही.

त्यात पहिली असते ती माणसांची भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण भाचीने तिचे उत्तर फटकन दिले. "मामा, तालुक्याची मीटिंग लांबली की मी रात्री साडेनऊला एकटी फाट्यावर उतरते, ते तुम्हाला चालतं." खरे आहे. फाट्यावर जी सावधगिरी लागते तीच तिथेही लागते. पहिल्या दोन रात्रींची खोली आधी ठरवून ठेवावी, ती वस्तीत असावी. नव्या गावी दिवसाउजेडी पोहोचावे. कुठे उतरलो हे वाटेत भेटेल त्याला सांगत सुटू नये. पोलिसांचा ११२ आणि महिलांच्या मदतीचा १८१ हे क्रमांक पाठ असावेत. भाषेची अडचण नाही. फाळणीनंतर वसवलेले बंगाली, तसेच तमिळ, तेलुगू, रांचीकडचे आदिवासी असे नाना प्रांतांचे लोक तिथे राहतात आणि आपसात हिंदी बोलतात. याहून जास्त सांगण्यासारखे या बाबतीत मजजवळ काही नाही, आणि मुलींना ते आपल्यापेक्षा जास्त कळते.

पण 'दिवेलागणीच्या आत घरी' हा जो आपला नियम, तो तिकडे नेताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्या देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. आपला जिल्हा त्याच्या पश्चिमेला, पंचाहत्तर अंशांच्या किंचित पुढे. अंदमानची राजधानी त्याच्या पूर्वेला, पावणेत्र्याण्णव अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे घड्याळ एकच, पण सूर्य तिथे आपल्यापेक्षा सुमारे सत्तर मिनिटे पुढे. अक्षांशाचा फरक वजा घातला तरी दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या पुढे मावळतो, तर तिकडे पाचच्याही आत. इथून गेलेले माणूस 'चारच तर वाजलेत' म्हणून लांबच्या किनाऱ्यावर निघते आणि परतताना काळोखात सापडते. उलट पहाटे पाचलाच तिथे फटफटलेले असते. सगळी कामे सकाळी उरकावीत, हा तिथला धडा. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे.

आता पाणी. खरा धोका इथे आहे, आणि गंमत अशी की घरच्या बैठकीत त्याचा उच्चारही कोणी केला नव्हता. समुद्राच्या लाटा पाणी सारखे किनाऱ्याकडे लोटत असतात. ते पाणी परत कसे जाते? शेताच्या बांधाआड पावसाचे पाणी तुंबले आणि बांधाला एके ठिकाणी फट पडली, तर सगळे पाणी त्या फटीतून सुसाट निघते, हे आपण पाहिलेले आहे. समुद्रातही तसेच होते. किनाऱ्याशी साचलेले पाणी वाळूच्या दांड्यातली एखादी खाच शोधते आणि अरुंद, जोरकस ओढ होऊन आत जाते. फसवणूक अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. ही ओढ माणसाला खाली बुडवत नाही, आत नेते. बुडतो तो तिच्याशी झुंज घेऊन दमलेला माणूस. पोहता येत असेल तर सरळ किनाऱ्याकडे न येता किनाऱ्याला समांतर पोहत जावे. पट्टा अरुंद असल्यामुळे थोड्या अंतरावर त्यातून सुटका होते. पोहता येत नसेल तर गुडघ्यापलीकडे जाऊच नये. आपल्यापैकी बहुतेक जण, पुरुषसुद्धा, या दुसऱ्या वर्गातले. विहिरीत पोहणाऱ्यांनीही स्वतःला पहिल्या वर्गात धरू नये.

शिवाय तिथल्या खाड्यांतून आणि खारफुटीच्या रानातून खाऱ्या पाण्यातली मगर असते. २०१० साली हॅवलॉक बेटाजवळ पाण्यात उतरलेल्या एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तर ती शोभेची नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ती दररोज तिथल्या माणसाला विचारावी. ओहोटीला प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि अनवाणी पाय कापून निघतात.

राहता राहिली होडी, म्हणजे बोट. चेन्नईहून अंदमान समुद्रमार्गे सुमारे बाराशे किलोमीटर. जहाजाला तीनएक दिवस लागतात, विमानाला दोन तासांच्या थोडे वर. विमान उतरते ते ज्याला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत आलो त्या गावी. २०२४ सालच्या सप्टेंबरात त्याचे नाव श्रीविजयपुरम झाले. त्याआधी २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नील बेटाचे शहीद द्वीप झाले होते; लोकांच्या बोलण्यात मात्र दोन्ही नावे चालतात. या दोन बेटांवर जायला श्रीविजयपुरमहून सरकारी आणि खाजगी बोटी सुटतात. हॅवलॉकला सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास घेते, खाजगी त्याहून कमी.

बोट सुटते ती हवामान बरे असेल तर. आणि आम्हां शिक्षकांच्या सुट्ट्यांचे दुर्दैव पाहा. उन्हाळ्याची सुट्टी संपत येते तेव्हा तिथे पाऊस उतरतो आणि दिवाळीची सुट्टी पडते ती बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या हंगामात. जानेवारी ते मार्च हा चांगला काळ, तेव्हा शाळा चालू! म्हणून मी भाचीला एकच अट घातली. परतीच्या विमानाआधीच्या दोन रात्री मुख्य बेटावर काढायच्या, लहान बेटावर नाही. बोट एक दिवस रद्द झाली तरी विमान चुकता कामा नये. आणि हवामानखात्याचा इशारा असेल तर निघायचेच नाही, पैसे बुडाले तर मी भरीन. आईला म्हणालो, "धावून कोणी जाऊ शकणार नाही, हे खरं. म्हणून धावावं लागणार नाही अशी आखणी करायची."

मग दोघांनी बसून एका फुलस्केप कागदावर दिवसवार लिहून काढले: कुठल्या बेटावर, कोणती बोट, कोणती खोली, फोन कधी. २०२० साली चेन्नईहून अंदमानपर्यंत समुद्रतळातून तार टाकली गेल्यापासून तिथे फोन पुष्कळ सुधारला आहे, तरी लहान बेटांवर तो दगा देऊ शकतो. म्हणून असे ठरले की रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर घाबरायचे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही, तर खोलीच्या मालकाला विचारायचे. तो कागद बहिणीने स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला अडकवला.

इतिहासाची एक गोष्ट मी मुद्दाम भाचीला सांगितली. १८५८ साली इंग्रजांनी तिथे बंदिवानांची वसाहत केली, तेव्हा पुढे शिक्षा झालेल्या बायकाही जहाजातून नेल्या. त्यांच्यासाठी साउथ पॉइंट येथे वेगळा तुरुंग होता. काही वर्षे वर्तणूक चांगली राहिली तर त्यांना तिथल्याच बंदिवानाशी लग्न करून घर मांडता येई, आणि त्यांची मुलेबाळे पुढे तिथलीच झाली. सेल्युलर जेल नंतरचे. ते १९०६ साली पुरे झाले, सातपैकी तीनच इमारती आज उभ्या आहेत. आपण जेल पाहायला जातो आणि पुरुषांचीच आठवण काढतो. घरदार तुटलेल्या, एकट्या बायका त्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या, त्यांना कोणी विचारलेही नव्हते की जायचे आहे का.

भाची गेली. पाचव्या दिवशी समुद्र खवळला म्हणून नीलहून सुटणारी बोट रद्द झाली. फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही, हे कबूल करतो. पण कागदात तो दिवस राखून ठेवलेला होता आणि विमान चुकले नाही. तिने प्रशिक्षकाबरोबर समुद्रात डुबकीही मारली. तीही पहिल्याच दिवसांत, कारण खोल डुबकीनंतर लगेच विमानात बसणे शरीराला घातक असते. मध्ये निदान एक पुरा दिवस जावा लागतो.

शाळेसाठी नमुना म्हणून प्रवाळाचा तुकडा आणावा असे तिच्या मनात होते. मी आधीच बजावले होते. प्रवाळ उचलून आणणे गुन्हा आहे, तो मेलेला दिसला तरी. तसेच जारवांच्या राखीव रानातून रस्ता जातो, तिथे गाड्यांचा तांडा करून जावे लागते. थांबायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही. ती त्या बाजूला गेलीच नाही. तिने मुलांसाठी आणली ती रोजच्या सूर्योदय-सूर्यास्ताची वही.

परवा बहीण माहेरी आली होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "मुरूडला एसटी जाते का रे?"

मी म्हणालो, "जाते की. मी येतो ना तुला घेऊन."

"तू कशाला? मी जाऊन येईन," ती म्हणाली.

मी तिला एवढेच सांगितले की जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते, आणि पावसाळ्यात त्या होड्या बंद असतात.