परवान्याचे टेबल आणि त्यामागचा माणूस



आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते संपाच्या मंडपात आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. कायद्याची पुस्तके आम्ही परीक्षेसाठी वाचली नाहीत, कज्ज्यासाठी वाचली. तेव्हा जमीन आणि वीज यांच्या परवान्यांचा हा विषय आम्ही कशासाठी घेतला, असे कुणी विचारील. वीज कामगारांत आमचे अर्धे आयुष्य गेले. खांबावर चढणारा माणूस खाली उतरल्यावर सांगतो, ‘साहेब, काम बंद आहे, शेतकरी आडवा आला आहे.’ शेतकऱ्याकडे जावे तर तो म्हणतो, ‘मला कुणी विचारलेच नाही.’ आणि कचेरीत जावे तर टेबलामागचा कारकून फाइल उघडून दाखवतो की, विचारल्याचा कागद तेथे आहे. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. हे कसे घडते, तेच आज समजून घ्यावयाचे आहे.

बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याला आता बरीच वर्षे झाली. पाठोपाठ सौर प्रकल्प आले. मे २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ आणली. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. त्यासाठी खाजगी जमीन भाड्याने घ्यावयाची तर हेक्टरी सालीना १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी त्यावर ३ टक्के वाढ, असा दर ठरला. कोरडवाहू जमिनीवर एवढा पैसा बसल्या जागी मिळतो म्हटल्यावर माळरानाच्या तुकड्यालाही भाव आला, आणि वीस वर्षांत ज्या बांधाकडे कुणी फिरकले नव्हते त्या बांधावर भाऊबंद जमले.

परवाना म्हणजे एक कागद, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या कचेऱ्यांनी विचारलेले निरनिराळे प्रश्न असतात. जमीन कुणाची? हे महसूल खाते विचारते. तिचा वापर बदलता येतो काय? हेही तेच विचारते, पण दुसऱ्या टेबलावर. उभारलेली यंत्रे निर्धोक आहेत काय? हे विद्युत निरीक्षक पाहतो. तार कुणाच्या शेतावरून जाणार, तिचा मोबदला काय? यात जिल्हाधिकारी येतो. आणि ती वीज कोण कोणत्या दराने विकणार? हे मुंबईस बसलेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. प्रत्येक टेबलावरच्या माणसास आपल्या प्रश्नापुरते उत्तर पाहिजे असते. शेजारच्या टेबलावर काय ठरले याची पंचाईत तो करीत नाही, आणि त्याने ती करावी असे त्याला कुणी सांगितलेलेही नसते.

पहिला प्रश्न सोपा दिसतो, परंतु खरा गुंता तेथेच आहे. समजा, येथील शिवारात चार एकरांचा एक गट आहे. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव, आणि पुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटा भाऊ पुण्यास कारखान्यात, एक बहीण औशाकडे दिलेली, एक विधवा भावजय याच गावी राहते. कंपनीचा माणूस सातबारा पाहतो, थोरल्याची सही घेतो, तीस वर्षांचा भाडेपट्टा नोंदवतो. आता हा पट्टा तलाठ्याकडे येतो. (तलाठ्यास हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नाव लांबले, सज्जा होता तोच राहिला.) तो गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद घेतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५० सांगते की, या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावावी आणि ज्यांचा संबंध दिसतो त्या सर्वांस लेखी कळवावे. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

‘ज्यांचा संबंध दिसतो’ हे शब्द ध्यानात घ्या. कुठे दिसतो? कागदावर. त्या भावजयीचा नवरा वारला तेव्हा वारसाची नोंद झाली असेल तर ती दिसेल. झाली नसेल तर ती त्या फाइलीत नाहीच. ती रोज त्याच शेतात खुरपते, सगळा गाव तिला ओळखतो, पण मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर ती जन्मलेलीच नाही. आणि एकदा नोंद प्रमाणित झाली की कलम १५७ आडवे येते: अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरावयाची. सिद्ध कुणी करावयाचे? जिच्यापाशी कागद नाही तिने.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि आपल्या जमिनींचे जुने कागद त्या राज्याच्या रिवाजाने झालेले. पुढे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, १९५४ चा इनामे रद्द करण्याचा कायदा आला. म्हणून येथे परवान्याची छाननी करणाऱ्या शहाण्या कारकुनास आजचा सातबारा पुरत नाही. तो १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मागतो, जुना सेतवार मागतो. अर्जदार वैतागतो की, ‘हा माणूस मुद्दाम अडवतो.’ कधी कधी ते खरेही असते. परंतु त्या जुन्या पत्रकातच एखाद्या संरक्षित कुळाचे नाव असते. जमीन देवस्थानाची खिदमतमाश आहे, की मदतमाश आहे, की सरकारने भूमिहीनास दिलेली आहे, हेही तेथेच कळते. अशा जमिनीपुढे ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असतो. ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. जो कारकून हा शेरा न पाहता फाइल पुढे ढकलतो त्याला लोक ‘कामाचा माणूस’ म्हणतात. अशा कामाच्या माणसांची आम्हांस फार धास्ती वाटते.

दुसरा प्रश्न वापराचा. शेतीची जमीन बिगरशेतीकडे लावावयाची तर परवानगी हवी, असे संहितेच्या कलम ४२ ने मुळात ठरवले आणि कलम ४४ ने त्याची रीत घालून दिली. त्या रीतीत आम्हांस विशेष वाटते ती मुदतीची तरतूद. अर्जाची पोच द्यावयाची, आणि ९० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे समजावयाचे. म्हणजे अधिकाऱ्याचे गप्प बसणे हाही एक निर्णय ठरवला गेला. पुढे या कलमांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, उद्योगधंद्यांसाठी निराळे ४४ अ आले, कित्येक वापरांना सवलती मिळाल्या. मुदत अर्जदाराच्या बाजूने धावते हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. फाइल दाबून ठेवून आपण शेजाऱ्याचे रक्षण करीत आहो, अशी एखाद्या भल्या कारकुनाची कल्पना असते. ती भाबडी आहे. नाकारावयाचे असेल तर मुदतीत आणि कारण लिहून नाकारावे लागते.

आता विजेकडे वळू. वीज उत्पन्न करण्यास परवाना लागत नाही, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ७ ने ती अट काढून टाकली. परवाना लागतो तो वीज वाहून नेण्यास, वाटण्यास आणि तिचा व्यापार करण्यास. तो देण्याचे काम आयोगाचे. आपला राज्य आयोग १९९९ साली स्थापन झाला. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यास तशी जाहीर नोटीस द्यावी लागते, लोकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात, आणि अर्ज फेटाळावयाचा तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून, कारणे लेखी देऊन फेटाळावा लागतो. दर ठरवतानाही तेच. दराच्या अर्जावर कुणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. धाराशिवचा माणूस मुंबईच्या सुनावणीत क्वचित दिसतो, हा भाग निराळा.

पण तार? तार तर परवाना नसलेल्या निर्मिती कंपनीलाही ओढावीच लागते. शेतकऱ्याचे खरे भांडण येथे आहे, कारण जमीन भाड्याने देणाऱ्यास भाडे मिळते आणि ज्याच्या शेतावरून नुसती तार जाते त्याला तारेखाली बसावे लागते. २००६ चे परवानाधारकांच्या कामांविषयीचे नियम सांगतात की, जमीनमालकाची आधी संमती घ्यावी. त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी आणावी. मात्र सरकार कलम १६४ खाली आदेश काढून १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकते, आणि मग संमतीवाचून मनोरा उभा राहू शकतो. तेव्हा बांधावर आलेल्या माणसास पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, ‘तुमच्यापाशी कलम १६४ चा आदेश आहे काय? असल्यास दाखवा.’ हा प्रश्न आम्ही गावोगाव शिकवतो. पुष्कळ वेळा समोरचा मनुष्य ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणून परत जातो.

मोबदल्याचेही थोडे सांगितले पाहिजे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली पारेषण वाहिन्यांसाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या: मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीस किमतीच्या ८५ टक्के, तारेखालच्या पट्ट्यास जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ च्या सूचनांत पायासाठी २०० टक्के आणि ग्रामीण भागातील पट्ट्यासाठी ३० टक्के असे आकडे आले. या सूचना आहेत. राज्य त्या कशा स्वीकारते यावर हाती पडणारी रक्कम ठरते. शिवाय ‘जमिनीची किंमत’ म्हणजे कोणती, यावरच निम्मे भांडण असते.

आता त्या टेबलामागच्या माणसाविषयी. तोही नोकर आहे, हे आम्ही कामगारांचे लोक विसरू शकत नाही. त्याच्यापाशी अनेक गावे, निवडणुकीचे काम, पंचनाम्याचे काम, आणि मध्येच प्रकल्पाची फाइल ‘आजच पाहिजे’ म्हणून येते. वरून फोन येतो. फोनची नोंद आवक रजिस्टरात होत नाही. या धंद्यात पैसा किती मोठा आणि दांडगाई किती जवळ आली आहे हे मराठवाड्याने पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी त्याचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडले आहे. अशा मुलखात साध्या कारकुनाने ‘त्रुटी आहे’ असा शेरा लिहावा, याला छाती लागते. त्याच्या संरक्षणाला एकच गोष्ट असते, ती म्हणजे तारीख घालून लिहिलेली टिपणी. तोंडी ‘बघू, करू’ म्हणणारा कारकून उद्या एकटा सापडतो. ‘अमुक वारसांस नोटीस बजावल्याचे दिसत नाही, सबब प्रकरण परत’ असे लिहिणाऱ्याच्या मागे निदान कायदा तरी उभा असतो. आम्ही कचेरीतल्या आमच्या मित्रांना नेहमी म्हणतो, फोन आला तर तोही टिपणीत लिहा. ते हसतात. दोघांनी मात्र लिहावयास सुरुवात केली आहे.

आणि आपण काय करावयाचे? चावडीवर लागलेला कागद वाचावयाचा. हल्ली त्या नोंदी संगणकावरही दिसतात. फेरफारास हरकत घेण्यास नोटिशीत पंधरा दिवस दिलेले असतात. हरकत साध्या कागदावर चालते, पण दोन प्रती कराव्या आणि एकीवर पोच घ्यावी. पोचेवाचून दिलेला अर्ज वाऱ्यावर दिला. ज्या घरात वारसाची नोंद राहिली आहे त्यांनी कंपनीची गाडी गावात येण्याची वाट पाहू नये. मृत्यूचा दाखला घेऊन आधीच तलाठ्याकडे जावे, आणि त्यात लेकींची नावेही घालावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. हक्कसोडपत्र द्यावयाचे की नाही हे तिने ठरवावे, तिच्या भावाने नव्हे. फाइलीत काय चालले आहे ते दिसत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नोंद प्रमाणित होऊन गेली असेल तरी सगळे संपत नाही. संहितेच्या कलम २४७ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर त्याची मुदत ६० दिवसांची आहे. अपिलास आदेशाची नक्कल लागते, आणि नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. म्हणून नकलेसाठी अर्ज केला ती तारीख आणि नक्कल हाती पडली ती तारीख, या दोन्ही त्या नकलेवर लिहून घ्याव्या. कचेरीतून बाहेर पडण्यापूर्वीच.