श्रमिकाच्या हातातील गणित

दहावीनंतर जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पुष्कळ विद्यार्थी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट धरतात. काही थेट कामावर जातात. गणिताशी आपला संबंध संपला, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः खरा संबंध तेथूनच सुरू होतो.

गवंडी कोपरा आखताना एका बाजूस ३ फुटांवर व दुसऱ्या बाजूस ४ फुटांवर खूण करतो. खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. हाच पायथागोरसचा सिद्धांत.

केळीची लागवड ५ × ५ फुटांवर केल्यास एकरात, म्हणजे ४३,५६० चौरस फुटांत, सुमारे १,७४२ झाडे बसतात. ठिबकने प्रत्येक झाडास ताशी ८ लिटर द्यावयाचे, तर ताशी सुमारे १४,००० लिटर पाणी हवे. पंपाची क्षमता तेवढी नसल्यास मळ्याचे भाग पाडावे लागतात.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब मजुरीचा. प्लास्टरचे काम ब्रासवर ठरले, तर १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. २४ फूट लांब व १० फूट उंच भिंत २.४ ब्रास होते. ती २ ब्रास धरली, तर केलेल्या कामाच्या सहाव्या हिश्श्याची मजुरी बुडते.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. परंतु स्वतःच्या कामाचे माप काढता आले, तरच ते वेतन ठामपणे मागता येते. १ मे रोजी श्रमिक संत योसेफ यांचा सण साजरा करताना आपल्या धर्मग्रामातील मुलांच्या हाती मापपट्टीबरोबर हिशेबाची वहीही देऊ या.