ड्युटी संपलेल्या पोलिसाने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, तर कायदा काय म्हणतो?

तारीख ६ सप्टेंबर २०१८. ठिकाण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं डॅलस शहर. अ‍ॅम्बर गायगर नावाची पोलीस अधिकारी तेरा तासांहून मोठी ड्युटी संपवून रात्री घरी आली. अंगावर वर्दी होती, कमरेला पिस्तूल होतं. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. पण ती गेली चौथ्या मजल्यावर, आणि आपल्या फ्लॅटच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये शिरली.

आत बॉथम जीन हा २६ वर्षांचा अकाउंटंट होता. तो स्वतःच्या घरात होता. गायगरला मात्र वाटलं की आपल्या घरात कुणीतरी चोर शिरलाय. तिने गोळ्या झाडल्या आणि जीनचा जीव गेला.

कोर्टात तिने स्वसंरक्षणाचा बचाव घेतला. समोरचा माणूस आपल्याला मारेल अशी भीती वाटली, असं तिने सांगितलं. म्हणून प्रश्न असा उभा राहिला, की ड्युटी संपलेल्या पोलिसाला स्वतःचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडता येते का? येत असेल, तर कुठपर्यंत?

डॅलसच्या कोर्टात काय ठरलं?

टेक्सासच्या कायद्यात स्वतःच्या घरात असलेल्या माणसाला बचावाचा मोठा हक्क आहे. न्यायाधीशांनी ज्युरीला या तरतुदीचा विचार करायची मुभाही दिली होती. तरीही १ ऑक्टोबर २०१९ रोजी ज्युरीने गायगरला खुनासाठी दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला १० वर्षांची शिक्षा झाली.

सरकारी पक्षाचा मुद्दा साधा होता. आत कुणीतरी आहे असं वाटलं, तर दारातून मागे सरकता आलं असतं. मदत मागवता आली असती. पोलिसांना याचंच तर प्रशिक्षण मिळतं. पुढे २०२१ मध्ये अपील कोर्टानेही शिक्षा कायम ठेवली. घर कुणाचं याबाबत तिची चूक झाली असेल, पण गोळी झाडताना मारण्याचा हेतू होता आणि त्या चुकीमुळे हा हेतू बदलत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

थोडक्यात, 'मी घाबरले होते' एवढं सांगून भागलं नाही. ती भीती त्या परिस्थितीत वाजवी होती का आणि दुसरा मार्ग होता का, हेही तपासलं गेलं.

हेच प्रकरण भारतात घडलं असतं तर?

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. जुन्या आयपीसीमध्ये हीच कलमं ९६ ते १०६ होती.

ही कलमं वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. हा हक्क 'प्रत्येक व्यक्तीला' दिलेला आहे. पोलिसासाठी वेगळा, मोठा हक्क त्यात कुठेही नाही. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, शिक्षकाला जो हक्क आहे, तोच सुट्टीवरच्या हवालदारालाही आहे. त्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही.

या हक्काच्या मर्यादा ढोबळमानाने चार आहेत.

१. धोका त्या क्षणी हवा. कलम ४० नुसार जिवाला किंवा शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. हल्लेखोर पळून गेला, खाली पडला, हातातलं शस्त्र टाकून उभा राहिला, तर हक्क संपला. त्यानंतरची गोळी म्हणजे बदला.

२. गरजेपुरतंच बळ वापरायचं. कलम ३७ सांगतं की बचावासाठी जितकं आवश्यक आहे, त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. कुणी कॉलर पकडली म्हणून पिस्तूल काढणं यात बसत नाही.

३. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क नाही. हेही कलम ३७ मध्येच आहे. ११२ वर फोन करून मदत येईपर्यंत सुरक्षित थांबता येत असेल, तर कायदा स्वतः हाच उचलायला सांगत नाही. ही अट ड्युटी संपलेल्या पोलिसालाही लागू आहे.

४. जीव घेण्याइतका बचाव मोजक्या प्रसंगीच. कलम ३८ मध्ये शरीराच्या रक्षणासाठी असे सात प्रसंग दिले आहेत. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला हे त्यातले काही. मालमत्तेसाठीचे प्रसंग कलम ४१ मध्ये आहेत. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशी ही यादी आहे. खिशातला मोबाईल हळूच काढून पळणाऱ्याला मागून गोळी घालणं त्यात येत नाही.

पण पोलीस तर कायम ड्युटीवर असतात ना?

इथे गोंधळ होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस अधिकारी कायम कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी बाजारात गेलेल्या पोलिसासमोर कुणी मंगळसूत्र ओढलं, तर तो 'माझी ड्युटी संपलीय' म्हणून तोंड फिरवू शकत नाही. त्याने चोराला पकडलं, तर ते पोलिसाचंच काम ठरतं.

पण याचा अर्थ त्याने चोवीस तासांत केलेली प्रत्येक गोष्ट सरकारी काम ठरते असा नाही. पार्किंगवरून भांडण झालं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद पेटला, हॉटेलच्या बिलावरून हाणामारी झाली, तर तो तिथे खासगी माणूस म्हणूनच उभा असतो.

हा फरक महत्त्वाचा का? कारण सरकारी काम करताना घडलेल्या गुन्ह्यासाठी ठरावीक लोकसेवकांवर खटला चालवायचा असेल, तर आधी सरकारची मंजुरी लागते. पूर्वी ही तरतूद सीआरपीसीच्या कलम १९७ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. नव्या कायद्यात सरकारला १२० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर मंजुरी मिळाली असं मानलं जातं.

हे संरक्षण कधी मिळतं, याची कसोटी सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्येच मातजोग दोबे खटल्यात सांगितली होती. केलेल्या कृत्याचा आणि कर्तव्याचा वाजवी संबंध असला पाहिजे. खासगी भांडणात काढलेल्या पिस्तुलाचा कर्तव्याशी असा संबंध लागत नाही.

आणि कर्तव्य बजावतानाही मोकळं रान नाही. आरोपी अटकेला विरोध करत असेल तर आवश्यक ते बळ वापरता येतं. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटक करताना जीव घेण्याचा हक्क पोलिसाला नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ हे स्पष्ट सांगतं.

साध्या कपड्यातला पोलीस आणि समोरचा माणूस

आता उलट बाजूने बघू. पोलीस सद्भावनेने आपलं काम करत असेल आणि त्याच्या कृतीमुळे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क वापरता येत नाही. पण याच कलम ३७ च्या स्पष्टीकरणात एक महत्त्वाची गोष्ट आहे. समोरचा माणूस लोकसेवक आहे हे तुम्हाला माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर तुमचा हक्क जात नाही.

म्हणजे वर्दी नसलेल्या पोलिसाने ओळख न सांगता कुणाला धरलं आणि त्या माणसाने गुंड समजून त्याला ढकललं, तर 'पोलिसावर हात टाकला' एवढ्यावर विषय संपत नाही. साध्या कपड्यातल्या पोलिसाने आधी ओळख सांगणं त्याच्याही फायद्याचं आहे, ते यामुळेच.

कलम ३६ मधलं एक उदाहरण तर डॅलसच्या प्रकरणाची आठवण करून देतं. एक माणूस रात्री अशा घरात शिरतो, जिथे जायचा त्याला कायदेशीर हक्क आहे. दुसरा त्याला घरफोड्या समजून हल्ला करतो. हा गैरसमज सद्भावनेने झाला असेल, तर हल्ला करणाऱ्याचा गुन्हा होत नाही. पण ज्याच्यावर हल्ला झाला, त्यालाही बचावाचा पूर्ण हक्क राहतो. आणि आपल्या कायद्यात पुरेशी काळजी न घेता केलेल्या गोष्टीला सद्भावना म्हणत नाहीत. दार कुणाचं हे न बघता गोळी झाडणाऱ्याला इथेही उत्तर द्यावंच लागलं असतं.

मर्यादा ओलांडली तर?

मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच खून, असंही नाही. न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये खुनाच्या व्याख्येला अपवाद आहेत. पूर्वतयारी नसताना, सद्भावनेने बचाव करताना हक्काबाहेर जाऊन कुणाचा जीव गेला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. कर्तव्य बजावताना अधिकाराबाहेर गेलेल्या लोकसेवकासाठीही असाच अपवाद आहे, पण मनात वैर नसेल तरच. खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. सदोष मनुष्यवधात हेतू सिद्ध झाला, तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं कैद होऊ शकते.

स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८ तसं सांगतं. मात्र त्याला ते तंतोतंत सिद्ध करावं लागत नाही, तसं घडण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब सरकार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्वसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली. जीव धोक्यात असताना माणूस प्रत्येक फटका मोजून मारू शकत नाही, हेही कोर्ट लक्षात घेतं.

त्यामुळे पुढच्या वेळी असा व्हिडिओ व्हायरल झाला, तर 'पोलीस होता म्हणून सुटेल' आणि 'पोलीस होता म्हणून अडकवलं' या दोन्ही कमेंट टाकायच्या आधी तीन प्रश्न विचारून बघा. धोका त्या क्षणी खरंच होता का? दुसरा मार्ग होता का? वापरलेलं बळ गरजेपुरतं होतं का? कोर्टातही निकाल शेवटी याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो.